‘टीगर’ची कैफियत

गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका पोराने वाघाच्या चित्राखालचा इंग्रजी शब्द मोठ्याने वाचला : ‘टीगर’. वर्ग खो खो हसला. हसण्यात मीही सामील झालो, हे आरंभीच कबूल करून टाकतो. कारण पुढे मी ज्यांच्यावर कोरडे ओढणार आहे त्यांच्याच रांगेत मीही उभा आहे, हे वाचकांना ठाऊक असलेले बरे. पोरगा मात्र हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “गुरुजी, तुम्हीच सांगितलंत ना, उघड्या तुकड्यातला स्वर दीर्घ म्हणायचा म्हणून? इचा दीर्घ ई. मग टीगर का नाही?”

मी त्याला “बस खाली” म्हणालो. शिक्षकाला उत्तर सुचले नाही म्हणजे तो पोराला खाली बसवतो, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण पोराचे काहीही चुकलेले नव्हते. त्याला जे सांगितले होते तेच त्याने इमानेइतबारे केले होते.

ज्यांचा शाळेशी संबंध सुटून वर्षे लोटली त्यांच्यासाठी हा नियम सांगतो. इंग्रजी शब्दाचे तुकडे पाडायचे. तुकडा व्यंजनावर संपला तर ‘दार बंद’, स्वरावर संपला तर ‘दार उघडे’. दार बंद असता स्वर आखूड, दार उघडे असता लांब. जी-ओ ‘गो’, पुढे टी लावून दार लोटले की ‘गॉट’. एम-ई ‘मी’, दार लोटले की ‘मेट’. एच-आय ‘हाय’, आणि दार लोटले की ‘हिट’. पुठ्ठ्याची दारे करून, ती उघडून-मिटून हे शिकवतात. पोरांना मौज वाटते. मलाही वाटली.

नियम वाईट आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने 1783 साली आपले स्पेलिंगचे पुस्तक काढले, तेव्हापासून तिकडची पोरे असे तुकडे पाडून वाचत आली आहेत. त्या पुस्तकात दोन तुकड्यांच्या शब्दांच्या पानावर ‘बेकर’ हा शब्द असे, आणि पोरगा ‘बेकर’पर्यंत पोहोचला म्हणजे त्याची गाडी रुळाला लागली असे समजत. पुढे ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम नावाच्या बाई यांनी, वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी 1930च्या सुमारास जी पद्धत बसवली, तिच्या परंपरेत हे उघडे-बंद दार आजही मुख्य मानतात. त्या मुलांचा त्याने फायदा झाला असेल. पण ती मुले इंग्रजी बोलत होती. ‘टायगर’ हा शब्द त्यांच्या कानात आधीच होता. नियमाने फक्त कानातला शब्द कागदावर ओळखायचा होता. आमच्या पोराच्या कानात वाघ आहे. टायगर एखाद्या बिस्किटाच्या पुड्यावर असला तर असेल.

आणि येथेच घोडे पेंड खाते. हा नियम आमच्यापर्यंत आला तो भाषांतरित होऊन. एका प्रशिक्षणात कोणी तज्ज्ञांनी आम्हांला सांगितले, इंग्रजी स्वर दोन प्रकारचे, ऱ्हस्व आणि दीर्घ. आम्ही वहीत उतरवून घेतले. कोणी हात वर केला नाही; मीही केला नाही. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘लांब स्वर’ असाच होतो, म्हणून भाषांतर बिनचूक वाटले. प्रत्यक्षात ते भाषांतर म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ हे काळाचे माप आहे. पाणिनीपासून ते तसेच चालत आले आहे. एका मात्रेचा तो ऱ्हस्व, दोन मात्रांचा तो दीर्घ, तीन मात्रांचा प्लुत. आणि हा फरक कोंबड्याच्या आरवण्यावरून कानाला कसा पटतो हे जुन्या पंडितांनी सांगून ठेवले आहे. स्वर तोच, वेळ निराळा. इ ताणली की ई, उ ताणला की ऊ. पहिलीतल्या पोरालाही हे कळते, कारण त्याची आई त्याला हाक मारताना हेच करते. आता इंग्रजीचा ‘दीर्घ’ पाहा. ‘ॲ’चा दीर्घ ‘ए’. ‘ए’चा दीर्घ ‘ई’. ‘इ’चा दीर्घ ‘आय’. ‘ऑ’चा दीर्घ ‘ओ’. ‘अ’चा दीर्घ ‘यू’. यांपैकी कोणता स्वर कशाला ताणून झाला आहे, हे मला कोणी सांगावे. ‘इ’ वर्षभर ताणली तरी तिची ‘आय’ होणार नाही. हे दीर्घ नव्हेतच. हे रूपांतर आहे. आपल्याकडेच दाखला शोधायचा तर ‘दिन’वरून ‘दैनिक’ होते, ‘शिव’वरून ‘शैव’ होते, त्या वृद्धीशी याचे काही नाते लागेल. दीर्घाशी लागत नाही.

मग इंग्रजांनी याला ‘लांब’ का म्हटले? ते काही वेडे नव्हते. एके काळी ते खरोखरच लांब होते. तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उघड्या तुकड्यातले स्वर ताणले जाऊ लागले. नावाला त्यांचा जुना शब्द ‘नम’ असा काहीसा होता, तो ताणून ‘नाम’ झाला, शेवटी एक पुसटसा अकार. चॉसर कवी 1400 साली वारला, त्याच्या तोंडी तो शब्द असाच होता. हा ‘नाम’ आणि आपला नामदेवाचा ‘नाम’ हे एकाच कुळातले आहेत. दोन्ही भाषांचा मूळ पुरुष एक. पुढे पंधराव्या शतकापासून दोनतीनशे वर्षांत इंग्रजीतले सगळे लांब स्वर जागा सोडून हलले. ‘आ’ होता तो ‘ए’कडे सरकला, ‘ए’ होता तो ‘ई’ झाला, ‘ई’ होती तिची ‘आय’ झाली. येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडिताने या हलण्याला महास्थलांतरासारखे भारदस्त नाव दिले आहे. मधल्या काळात, 1476 साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि छापखान्यामुळे स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. उच्चार पुढे चालत राहिला, स्पेलिंग वेशीवरच बसून राहिले. म्हणून आज ते लिहितात ‘नामे’ आणि वाचतात ‘नेम’.

आता आमच्या पोराकडे वळू. चॉसरच्या काळच्या इंग्रजीत वाघाला काय म्हणत? ‘टीग्र’ म्हणत, लांब ‘ई’ने. म्हणजे कोरेगावच्या पोराने केलेला उच्चार इंग्लंडातच एके काळी शुद्ध होता. सहाशे वर्षे उशिरा जन्माला आला, एवढाच त्याचा गुन्हा. आणि त्याबद्दल तीस पोरांनी व एका गुरुजीने त्याला हसून घेतले.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे, आणि ती कोणत्याही प्रशिक्षणात कोणी काढलेली मी ऐकली नाही. मराठी पोराचे तोंड या बाबतीत नेमके उलटे वळलेले असते. आमच्या तालुक्यातले रहिमतपूर घ्या. ‘रहिमतपूर’ म्हणताना शेवटचे दार बंद, आणि ‘पू’ लांब. ‘रहिमतपुरात’ म्हटले की दार उघडले, आणि ‘पु’ आखूड झाला. फूल, पण फुलाला. दूध, पण दुधात. विहीर, पण विहिरीवर. दार मिटले की लांब, उघडले की आखूड. इंग्रजीत मिटले की आखूड, उघडले की लांब. आईच्या दुधाबरोबर जी सवय अंगी मुरली, तिच्या थेट विरुद्ध चाल आम्ही पोराला शिकवतो. आणि ती विरुद्ध आहे एवढे शब्दही त्याला सांगत नाही, कारण “इंग्रजीच्या तासाला मराठी नको” असा दंडक आहे. पाण्यात ढकलायचे आणि पाणी आहे हे सांगायचे नाही, अशातला हा प्रकार.

फक्त शब्दाच्या शेवटी दोन्ही भाषा एकत्र येतात. आमचे मी, ती, तू लांब. त्यांचे ‘मी’, ‘शी’, ‘वी’ही लांब. त्यांचा ‘मी’ तर अर्थानेही आमच्या ‘मी’च्या घरचाच. असा दुवा आयता हाती असताना तो सोडून पुठ्ठ्याची दारे कातरत बसायची!

दुसरा दुवा तर गावभर पसरलेला आहे. वाठार स्टेशन आमच्याच तालुक्यात. आडगावची म्हातारी त्याला ‘वाठार टेशन’ म्हणते, कोणी ‘ठेसन’ म्हणते. तिने व्यंजनांची मोडतोड केली, पण उघड्या दारातला ‘ए’ तिने जसाच्या तसा ठेवला. ‘स्टाशन’ म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. टेबल, लेबल, पेपर, बेकरी, मोटर, सोडा, फोटो, रेडिओ, मीटर, पायलट, फायनल, सायकल, युनिट, सुपर. हे सगळे शब्द शाळेत पाऊल न टाकलेल्या माणसाच्या तोंडी आहेत, आणि प्रत्येकात त्या उघड्या दाराच्या नियमाचे पालन आहे. पोराला दीर्घ-बिर्घ काही न सांगता हे शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहावेत, आणि “वाच, हा तुझाच शब्द आहे” म्हणावे. ‘पेपर’ ज्याला वाचता आला त्याला त्यातला ‘पे’ निराळा शिकवावा लागत नाही. ‘पायलट’ आणि ‘फायनल’ शेजारी लिहिले की ‘टायगर’ आपल्या पायाने चालत येतो.

यावर आक्षेप येतो, आणि तो सुशिक्षितांकडूनच येतो, की असे केल्याने पोरांचे उच्चार गावठी होतील. साहेबाच्या ‘ए’च्या शेवटी ‘इ’ची बारीक शेपटी असते, ती आमच्या ‘टेबल’ला नसते, हे मला मान्य आहे. पण त्या शेपटीवाचून कोणाचे टेबल अडल्याचे ऐकिवात नाही. खरी अडचण निराळी आहे, ती मीच सांगतो. आमच्या ‘ए’ला आखूड-लांब असा भेद नाही, आणि देवनागरीतही तो दाखवायची सोय नाही. म्हणून पत्र या अर्थाचा ‘लेटर’ आणि नंतर या अर्थाचा ‘लेटर’ आम्ही एकसारखेच लिहितो व म्हणतो. लिहायचा ‘पेन’ आणि दुखणारा ‘पेन’ यांचेही तेच. येथे मराठीची कुबडी पुरत नाही. येथे कान निराळा तयार करावा लागतो, आणि तेथे पुठ्ठ्याचे दार खुशाल वापरावे. एका टी ने दार उघडे राहते, दोन टी आले की बंद होते, हे त्या जोडीत सुरेख दिसते. जेथे लागते तेथे वापरा. औषध म्हणून वापरा, जेवण म्हणून नको.

कारण जेवण म्हणून ते अंगी लागत नाही. या नियमाप्रमाणे ‘किलो’चा उच्चार ‘कायलो’ व्हायला हवा. ‘लिटर’चा ‘लायटर’ व्हायला हवा, आणि मग डेअरीत दूध लायटरने मोजावे लागेल. या दोन्ही ठिकाणी आमच्या पोराचा चुकीचा नियम, आयचा दीर्घ ई, बरोबर उत्तर देतो. कारण हे शब्द इंग्रजीत फ्रेंचांकडून आले, तेही ती हालचाल आटोपल्यावर. सिटी, कॉपी, बॉडी, लिमिट, मिनिट, सेकंद, मेडल हे शब्द तर दार उघडे असून आखूडच राहतात. यावर तज्ज्ञ म्हणतात, येथे तुकडा व्यंजनानंतर पाडायचा, म्हणजे दार बंद होते. पण तुकडा कोठे पाडायचा हे कळायला आधी उच्चार ठाऊक हवा. आणि उच्चार कळावा म्हणून तर तुकडा पाडायचा होता. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही आपली म्हण त्यांना कोणीतरी इंग्रजीत करून द्यावी.

‘नेशन’ लांब, पण ‘नॅशनल’ आखूड. ‘नेचर’ लांब, पण ‘नॅचरल’ आखूड. शेपूट जोडले की आतला स्वर आखडतो. हे कशासारखे आहे? आपल्या फूल-फुलालासारखेच! म्हणजे येथे इंग्रजी आमच्यासारखी वागते. हेही मराठीतूनच समजते, आणि मराठी तर वर्गाबाहेर उभी केलेली.

माझ्या गावात या शास्त्राचे खाजगी वर्ग निघाले आहेत. पाटीवर ठळक अक्षरांत ‘फोनिक्स’ असे लिहिलेले असते. पाटी रंगवणाऱ्याने नियम पाळला. दार उघडे, म्हणून ‘फो’. पण त्या शास्त्राचे नाव इंग्रज ‘फॉनिक्स’ असे उच्चारतो. ज्या शास्त्राला आपल्या नावापुरताही आपला नियम पाळता येत नाही त्यासाठी माणसे घेवड्याच्या पट्टीतले पैसे भरतात, याचे मला हसू येत नाही. ज्याने आपल्या पोराला इंग्रजी यावे म्हणून पोटाला चिमटा घेतला त्याची थट्टा मी करणार नाही. थट्टा करायची तर त्याला ‘तुझी बोली पोराच्या आड येते’ असे सांगणाराची करावी. असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. बापाने मान खाली घातली होती.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी फार खूष होऊ नये. “आम्ही कुठे फॉनिक्स शिकलो? तर्खडकरांची पाठमाला घोकली आणि इंग्रजी आले” असे म्हणणारे मराठीचे अभिमानी मला ठाऊक आहेत. मीही घोकणाऱ्यांतलाच. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून ते 2000 सालापासून सुरू झाले. मी सी-ए-टी कॅट करीत मॅट्रिकपर्यंत गेलो आणि तेथेच थांबलो. मला अवघड अवघड स्पेलिंगे आजही पाठ आहेत. पण न पाहिलेला इंग्रजी शब्द समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटते. पन्नास मुले घोकत असत, त्यांतली पाच पार होत, आणि त्या पाचांच्या आठवणी म्हणजे पद्धतीचा पुरावा. बुडालेले पंचेचाळीस दिवाळी अंकांत लेख लिहीत नाहीत.

आणि मराठीच्या तासाला आम्ही काय दिवे लावतो? महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम 1962 साली सरकारने मान्य केले. 1972 साली त्यांत चारांची भर पडली. त्यात अगदी शहाणपणाचा नियम आहे : शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ लिहावा, कारण मराठी माणूस तो तसाच उच्चारतो. म्हणून कवि गेला, कवी आला. गुरु गेला, गुरू आला. तोंडाप्रमाणे हात चालावा, याहून निराळे फॉनिक्स तरी काय सांगते? आणि त्याच नियमाला जोडून अपवाद : ‘आणि’ व ‘नि’ मात्र ऱ्हस्व. जो शब्द पोर दर ओळीत लिहिते तोच नेमका अपवाद! तोंडाने ‘आणी’ म्हणायचे आणि हाताने ‘आणि’ लिहायचे. पोर कानाला जागून ‘आणी’ लिहिते, आणि आम्ही तांबडी रेघ ओढून अर्धा गुण कापतो. इंग्रजीच्या अपवादांसाठी गाणी रचायची, चित्रे काढायची, पुठ्ठे कातरायचे. मराठीच्या अपवादासाठी तांबडी शाई. हे मी वीस वर्षे केले आहे. ‘टीगर’ म्हणणाऱ्या त्याच पोराच्या वहीत त्या आठवड्यात अशा सात रेघा होत्या, सगळ्या माझ्या हातच्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फळ्यापाशी बोलावले. पायलट, फायनल, सायकल लिहिले. त्याने वाचले. मग टायगर लिहिले, तेही वाचले. मी वर्गाला सांगितले की पूर्वी इंग्रजही याला टीग्र म्हणत असत. पोरे गप्प झाली, आणि तो पोरगा जरा ताठ झाला. मग मी ‘दीर्घ’ हा शब्द इंग्रजीच्या तासापुरता बंद केल्याचे जाहीर केले. त्याऐवजी काय म्हणायचे, असे एकीने विचारले. मी म्हटले, काही म्हणायचे नाही, वाचायचे.

तास संपता संपता तो पोरगा आपली मराठीची वही घेऊन आला. ‘आणी’वरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, “गुरुजी, हे पण पूर्वी बरोबर होतं का?”

मी त्याला या वेळी खाली बसवले नाही. उद्या सांगतो म्हणालो. त्याला चार महिने झाले.